पदक कोणाचे आणि शरीर कोणाचे?

ताकद वाढविणारी औषधे घेऊन मैदानात उतरणे हा गुन्हा मानावा की खेळाडूचा हक्क मानावा, हा वाद आज पुन्हा जोरात आला आहे. पूर्वी तो विद्यापीठांतील विद्वानांपुरता होता. २०२३ साली ॲरॉन डिसूझा या ऑस्ट्रेलियन उद्योजकाने 'एन्हान्स्ड गेम्स' नावाच्या स्पर्धेची घोषणा केली आणि वाद बाजारात आला. या स्पर्धेत उत्तेजक औषधांना मज्जाव नाही. उलट, औषधे घेऊन माणसाचे शरीर कुठवर जाऊ शकते हे दाखविणे हाच तिचा हेतू. बड्या गुंतवणूकदारांनी तिच्यात पैसा घातला. ठरावीक विश्वविक्रम मोडणाऱ्यास १० लाख डॉलर देऊ, असे जाहीर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिस्तियन गोलोमेएव्ह या ग्रीक जलतरणपटूने ५० मीटर अंतर २०.८९ सेकंदांत कापून ती रक्कम मिळविलीही. त्या वेळचा अधिकृत विश्वविक्रम २०.९१ सेकंदांचा होता.

वाचक विचारतील, परदेशातील धनिकांच्या या खेळाशी आपल्या चाळीतल्या, वस्तीतल्या माणसाचा संबंध काय? आमच्या मते संबंध आहे आणि तो जवळचा आहे. आपली मुले-मुली पहाटे उठून धावतात, तालमीत जातात, कबड्डीच्या संघात खेळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस, सैन्यदल हीसुद्धा चांगल्या खेळाडूंना नोकरी देतात. म्हणजे श्रीमंताच्या घरी पदक कपाटात जाते. आपल्या घरी त्या पदकावर चूल पेटते. ज्या पदकावर घर उभे राहायचे, त्या पदकासाठी कोणी सुई पुढे केली तर 'नाही' म्हणणे सोपे नसते. म्हणून हा वाद नीट समजून घेणे आपल्यालाच जास्त गरजेचे आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी कारकुनी करणारे. कोणताही व्यवहार समोर आला की जमा कोणाच्या खाती आणि खर्च कोणाच्या खाती, हे आधी पाहण्याची सवय लागली आहे. याही प्रश्नाकडे आम्ही तसेच पाहणार आहोत.

सोलची ती शर्यत

२४ सप्टेंबर १९८८ रोजी सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची अंतिम शर्यत झाली. कॅनडाचा बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत पहिला आला. सारे जग थक्क झाले. तीन दिवसांत बातमी आली की, त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलोल हे स्टेरॉइड सापडले. सुवर्णपदक काढून घेऊन ते अमेरिकेच्या कार्ल लुईसला देण्यात आले.

जॉन्सन मूळचा जमैकाचा. लहानपणी आईबरोबर कॅनडात आलेला. जिंकला तेव्हा तो 'आमचा कॅनडाचा वीर' होता. पकडला गेल्यावर तेथील काही वृत्तपत्रांना तो पुन्हा जमैकाचा वाटू लागला. पुढे न्यायमूर्ती डुबिन यांच्या चौकशीत त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी स्वतःच सांगितले की, औषधे त्यांच्या संमतीने अनेक वर्षे चालू होती. त्यासाठी डॉक्टरही होता. पण जगाच्या लक्षात राहिले ते एकच नाव, धावणाऱ्याचे.

त्या शर्यतीत आठ जण धावले. त्यांपैकी सहा जणांची नावे पुढे या ना त्या उत्तेजक प्रकरणाशी जोडली गेली. ज्यांची नावे कधीच आली नाहीत त्यांपैकी एक अमेरिकेचा काल्विन स्मिथ. तो चौथा आला होता. जॉन्सन बाद झाल्यावर त्याला कांस्यपदक मिळाले. या स्मिथचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? नियम पाळणाऱ्याचे काय होते, याचे उत्तर येथेच सापडते.

परवानगी मागणारे काय म्हणतात?

विरुद्ध बाजूचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्युलियन सावुलेस्कू हे त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये असलेले तत्त्वज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये लेख लिहून औषधांना मोकळीक द्यावी असे मांडले. या मंडळींचे मुद्दे असे.

पहिला मुद्दा, निसर्गच समान नाही. फिनलंडचा ईरो मँटिरांटा हा बर्फावरील शर्यतींतील खेळाडू. त्याने १९६० ते १९६८ या काळात ऑलिंपिकमध्ये सात पदके जिंकली. पुढे संशोधनात दिसले की, त्याच्या कुटुंबात जन्मजात एक बदल होता आणि त्यामुळे त्याच्या रक्तात लाल पेशी इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होत्या. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्या जास्त तर दम जास्त. मग ज्याला जन्मतः हे मिळाले नाही त्याने औषधाने मिळविले तर बिघडले कोठे?

दुसरा मुद्दा, डोंगरावर राहून सराव केला तरी लाल पेशी वाढतात आणि ते नियमात बसते. 'ईपीओ' या इंजेक्शनानेही त्याच वाढतात, पण ते नियमात बसत नाही. हे तेच इंजेक्शन, जे डायलिसिसवरील रुग्णांना रक्त वाढावे म्हणून देतात. परिणाम एकच, मग भेद कशाला?

तिसरा मुद्दा, खेळाडू सज्ञान आहे. शरीर त्याचे, निर्णय त्याचा. चोरून घेण्यापेक्षा डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलेले बरे.

या तीन मुद्द्यांत पहिले दोन बुद्धीला पटण्यासारखे आहेत. निसर्ग समान नाही हे खरेच. परंतु सगळ्यांना जन्मतः सारखे करावे म्हणून नियम केलेला नाही. पोटासाठी कोणाला आपले यकृत आणि हृदय डावावर लावावे लागू नये, हे पाहणे नियमाचे काम आहे. डोंगरावर राहिल्याने शरीर आपल्या चालीने आणि आपल्या मर्यादेत रक्त वाढविते. इंजेक्शनाला ती मर्यादा नसते. रक्त दाट होते, गुठळ्या होतात, हृदय बंद पडू शकते.

राहिला तिसरा मुद्दा, 'निर्णय त्याचा' हा. खरी मेख येथेच आहे.

निर्णय खरोखर त्याचा असतो काय?

फ्रान्समध्ये दरवर्षी 'टूर द फ्रान्स' ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत होते. खेळाडू पगारी असतात, संघांचे मालक कंपन्या असतात. जुलै १९९८ मध्ये 'फेस्टिना' या घड्याळ कंपनीच्या संघाची गाडी बेल्जियम-फ्रान्स सीमेवर अडविली गेली. गाडीत ईपीओ आणि इतर औषधांचा साठाच होता. तपासात संघातील खेळाडूंनी कबुली दिली. त्याच तपासात सहकाऱ्यांनी पोलिसांना हेही सांगितले की, क्रिस्तोफ बासोन हा औषधे घेत नाही.

बासोन दुसऱ्या संघात गेला. १९९९ च्या शर्यतीत धावता धावता तो एका वृत्तपत्रात सदर लिहीत होता. त्यात त्याने आडपडदा न ठेवता लिहिले की, औषधे अजून थांबलेली नाहीत. बाकीच्या खेळाडूंनी त्याच्याशी बोलणे बंद केले. शर्यतीत आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने त्याला गाठून, तू येथून निघून जा, अशा अर्थाचे सुनावले. बासोनला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. २००१ साली, वयाची तिशीही गाठली नसताना, त्याने व्यावसायिक सायकलिंग सोडले. आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशा ओळीने सात शर्यती जिंकल्या. २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुराव्यासह अहवाल काढला, सातही विजेतेपदे गेली. जानेवारी २०१३ मध्ये दूरदर्शनच्या मुलाखतीत त्याने आपण औषधे घेत होतो हे कबूल केले. पण बासोनची गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत.

आता विचार करा. त्या काळी औषधांना बंदी होती, तरी न घेणाऱ्यावर अशी वेळ आली. उद्या उघड परवानगी दिली तर न घेणाऱ्याला संघात कोण ठेवील? मालक म्हणेल, इंजेक्शन घे नाहीतर घरी जा. परवानगी मिळालेली गोष्ट बघता बघता सक्तीची होते. कामगार माणसाला हे वेगळे सांगायला नको. यंत्राच्या फिरत्या चाकाला संरक्षक जाळी लावणे १९४८ च्या कारखाना कायद्याने बंधनकारक केले. उद्या एखादा कामगार म्हणाला की, 'जाळीविना मला जास्त काम काढता येते, बोटे गेली तर माझी जातील,' तरी कायदा ते मान्य करीत नाही. कारण एकाने जाळी काढली की मालक सगळ्यांना जाळी काढायला लावणार. सायकलवाल्याची गोष्ट तीच आहे.

काही जण म्हणतात, मर्यादा घालून द्या, म्हणजे धोका नाही. तोही प्रयोग झालेला आहे. रक्तातील लाल पेशींचे प्रमाण पुरुषांत ५० टक्क्यांहून जास्त आढळले तर खेळाडूला शर्यतीबाहेर बसवायचे, असा नियम सायकलिंगच्या जागतिक संघटनेने १९९७ साली केला. खेळाडू रक्त मोजून मोजून ५० च्या जरा खाली राहतील एवढे ईपीओ घेऊ लागले. मर्यादा हेच उद्दिष्ट झाले.

डॉक्टरच्या देखरेखीचा अनुभव

'डॉक्टरच्या देखरेखीखाली' हे शब्द ऐकायला बरे वाटतात. पण हा प्रयोग एका संपूर्ण देशाने करून पाहिला आहे. तो देश म्हणजे पूर्व जर्मनी. लोकसंख्या दोन कोटींहूनही कमी. तरी १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके एकट्या पूर्व जर्मनीने नेली. १९७४ पासून तेथे सरकारी योजनाच होती. डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, कोणाला किती मात्रा द्यायची याच्या नोंदवह्या होत्या. 'ओरल-टुरिनाबोल' नावाच्या निळ्या गोळ्या अल्पवयीन मुलींना दिल्या जात आणि ही जीवनसत्त्वे आहेत असे सांगितले जाई. आईबापांना पत्ता नसे.

मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पाळी बिघडली. कित्येकींना पुढे यकृताचे आणि गर्भाशयाचे विकार झाले. हायडी क्रीगर ही त्यांतील एक. सोळाव्या वर्षापासून गोळ्या चालू झाल्या; १९८६ साली तिने गोळाफेकीत युरोपचे सुवर्णपदक जिंकले. पुढे क्रीगर यांनी पुरुष म्हणून जगण्याचा निर्णय घेतला आणि १९९७ पासून ते आंद्रेआस क्रीगर या नावाने राहतात. आपण कोण आहोत हे स्वतःचे स्वतः शोधण्याची संधी त्या गोळ्यांनी हिरावून घेतली, असे ते सांगत आले आहेत. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरविले. शिक्षा अनुक्रमे २२ व १८ महिन्यांची, आणि तीही स्थगित. तुरुंग कोणीच पाहिला नाही.

डॉक्टर कोणाचा पगार घेतो, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. ज्याला पदक हवे आहे त्याचा पगार घेणारा डॉक्टर शरीराची राखण करील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

नफा कोणाच्या खाती?

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हिशेब पाहू. १९९४ च्या संपाने तेथील हंगाम बुडाला आणि प्रेक्षक रुसले. १९९८ साली मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात चेंडू मैदानापार टोलविण्याची चढाओढ लागली. मॅग्वायरने ७० 'होम रन' मारून ३७ वर्षांचा जुना विक्रम मोडला. मैदाने पुन्हा भरली. त्याच हंगामात त्याच्या कपाटात स्टेरॉइडसारख्या गोळ्यांची बाटली एका वार्ताहराला दिसली होती. पण बेसबॉलच्या नियमांत तेव्हा त्या गोळ्यांना मनाई नव्हती. आपण स्टेरॉइड घेत होतो हे मॅग्वायरने २०१० साली कबूल केले. डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल आला. त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. खेळाडूंची बदनामी झाली. परंतु भरलेल्या मैदानांतून झालेली कमाई कोणत्या मालकाने परत केली, असे झाले नाही.

आता ताळेबंद मांडू. जमेच्या बाजूला मालकाची तिकिटे, जाहिराती, सरकारची प्रतिष्ठा, औषध विकणाऱ्याचा धंदा. खर्चाच्या बाजूला खेळाडूचे यकृत, हृदय, मूल होण्याची क्षमता, नाव आणि नोकरी. जमा एकाच्या खाती आणि खर्च दुसऱ्याच्या खाती, असा हा व्यवहार आहे. आणि सगळ्यांनीच औषधे घेतली तर पहिला तो पहिलाच राहील आणि शेवटचा तो शेवटचाच. वाढेल तो फक्त खर्च.

आपल्या दारात काय आहे?

आपल्या देशाचे चित्र काळजी वाटावी असे आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे 'वाडा'च्या आकड्यांनुसार २०२३ साली भारतातील ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी तपासणीला आल्याचे कळले. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावपटू उरला. बाकीचे पसार. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडलेल्या होत्या. ही ऑलिंपिकची शर्यत नव्हती. ही आपल्यासारख्यांचीच मुले होती.

महाराष्ट्रात तर हे लोण स्पर्धेबाहेरही आले आहे. 'मेफेंटरमाइन' हे इंजेक्शन शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब एकदम उतरला तर डॉक्टर वापरतात. तेच व्यायामशाळांत जाणाऱ्या पोरांना विकणाऱ्यांवर पुण्यासह अनेक ठिकाणी पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. अलीकडच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या वेळी उमेदवारांकडे उत्तेजके सापडल्याच्या बातम्याही आल्या. १६०० मीटर धावण्यात थोडे सेकंद वाचावेत म्हणून मुलगा हृदयाशी खेळतो.

आणि नियम किती कडक आहे तेही लक्षात घ्या. नरसिंग यादव हा मुंबईत वाढलेला, दूध घालणाऱ्याच्या घरातील मल्ल. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, २०१६ साली, त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे. भारताच्या 'नाडा' संस्थेने ते मानले. परंतु 'वाडा'ने दाद मागितली आणि क्रीडा लवादाने कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट २०१६ रोजी, चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हे या नियमाचे सूत्र आहे. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर सहसा चालत नाही.

मग करायचे काय?

आमचे मत स्पष्ट आहे. बंदी राहिलीच पाहिजे. परंतु आज बंदीचा दंडुका एकट्या खेळाडूच्या पाठीवर पडतो, तो सुई पुरविणाऱ्याच्या पाठीवरही तितक्याच जोराने पडला पाहिजे. प्रशिक्षक, व्यायामशाळेचा मालक, चिठ्ठीविना इंजेक्शन विकणारा दुकानदार यांना सोडून अठरा वर्षांच्या पोराचे आयुष्य बरबाद करणे हा न्याय नव्हे. आणि पोराला दूध, अंडी, डाळ पोटभर मिळत नसेल तर त्याला नियमांची पुस्तिका देऊन भागत नाही. तालुका पातळीच्या खेळाडूला सकस आहार आणि फुकट वैद्यकीय तपासणी मिळावी, ही मागणी आपल्या मंडळांनी लावून धरली पाहिजे.

घरात आईबापांनी एवढे तरी पाहावे. डॉक्टरच्या चिठ्ठीविना एकही इंजेक्शन मुलाच्या अंगाला लागू देऊ नये, मग ते देणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो. डबाबंद पावडरीवर जे छापले आहे तेवढेच तिच्यात असते असे समजू नये. अशा पावडरींतही बंदी असलेली द्रव्ये सापडलेली आहेत. मुलाला खरा आजार असेल आणि औषध घ्यावेच लागत असेल, तर डॉक्टरला सांगावे की हा स्पर्धेत खेळतो. अशा वेळी उपचारासाठी सूट मिळण्याची तरतूद आहे, पण अर्ज सहसा आधी करावा लागतो. औषध बंदीच्या यादीत आहे की नाही हे पाहण्यासाठी 'नाडा'चे 'नो युअर मेडिसिन' हे ॲप मोबाइलवर मिळते. मुलाला एकाएकी अंगभर पुरळ, विनाकारण राग, छातीत धडधड, झोप उडणे, मुलीचा आवाज बदलणे, पाळी थांबणे अशी लक्षणे दिसली तर रागावण्याआधी त्याला जवळ बसवून विचारावे आणि सरकारी दवाखान्यात न्यावे. वाढत्या वयात स्टेरॉइड घेतल्याने हाडांची वाढ थांबून उंचीही खुंटते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. मुलगा चौथा आला म्हणून घरात तोंडे उतरली, शेजारच्याच्या पदकाशी तुलना झाली, की त्याच रात्री तो सुईच्या दिशेने एक पाऊल टाकतो. सरळ मार्गाने चौथा आलेल्याचे कौतुक ज्या घरात, ज्या वस्तीत होते, तेथे सुई विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. पुढच्या क्रीडा महोत्सवात आपल्या मंडळाने पहिल्या तिघांबरोबर चौथ्याच्याही हाती एक वही आणि गुलाबाचे फूल द्यावे. खर्च फार नाही.